उन्हाळ्यातला फिशफाइंडर बर्फावर कसा न्यायचा: घरच्या घरी डबा, बॅटरी आणि ट्रान्सड्यूसरची काठी

बोटीवर किंवा कयाकवर लावलेला छोटा फिशफाइंडर (पाण्यात आवाज सोडून त्याच्या प्रतिध्वनीवरून खाली काय आहे ते स्क्रीनवर दाखवणारं सोनार मशीन) नोव्हेंबरात काढून गॅरेजमध्ये ठेवला असेल तर तो आधी घरात आणा. गोठलेल्या तळ्याच्या बर्फाला भोक पाडून मासे पकडायला वेगळं मशीन घ्यायची गरज बहुतेक नवीन लोकांना नसते, तेच मशीन चालतं, फक्त त्याला थंडीत चालेल अशी बॅटरी, नीट डबा आणि ट्रान्सड्यूसर (आवाज सोडणारा आणि ऐकणारा, पाण्यात बुडवायचा भाग) सरळ खाली बघेल अशी काठी लागते आणि या तिन्ही गोष्टी एका शनिवारात घरी होतात.

मी मिनेसोटात राहतो, मिनियापोलिसच्या पश्चिमेला. लहानपण चिपळूणचं, वाशिष्ठीच्या काठी गळ टाकून बसायची सवय, तिथे दोरीला बोट लावून बसलं की खाली काय चाललंय ते कळायचं. इथे पायाखाली दीड फूट बर्फ, त्याखाली २५ फूट पाणी, आणि मासा थंडीमुळे इतका हळू तोंड लावतो की बोटाला काही कळतच नाही, म्हणून इथे स्क्रीन म्हणजे चैन नाही, डोळे आहेत. पहिल्या हिवाळ्यात माझं मशीन दीड तासात बंद पडलं, मला वाटलं स्क्रीन गेली, घरी आणून प्लगला लावलं तर एकदम व्यवस्थित. मशीन ठीक होतं, बॅटरी गारठली होती. तेव्हापासून कोणी विचारलं की मी एकच सांगतो, पैसे आणि मेहनत मशीनवर नाही, बॅटरी आणि ट्रान्सड्यूसरवर घाला.

सुरू करण्याआधी बर्फाचं सांगतो, कारण बाकी सगळं त्यानंतर. मिनेसोटाच्या डीएनआरचा, म्हणजे राज्याच्या नैसर्गिक संसाधन खात्याचा, सल्ला आहे की चालत जायला किमान ४ इंच नवीन, स्वच्छ, काचेसारखा बर्फ हवा, त्यापेक्षा कमी असेल तर जायचंच नाही. पांढरा दुधट बर्फ कमजोर असतो, तिथे जाडी दुप्पट धरायची. लोखंडी पहार घेऊन पुढे ठोकत ठोकत चाला, गळ्यात आईस पिक (पाण्यात पडलात तर बर्फात रुतवून बाहेर यायचे टोकदार खिळे) लटकवा, आणि एकटे जाऊ नका. तळ्यावर दुसऱ्या कोणाचा ट्रक उभा दिसला म्हणून तुमच्या पायाखालचा बर्फ जाड आहे असं होत नाही, झरे आणि प्रवाह असलेल्या जागी तो पाच पावलांवर बदलतो.

बॅटरी

थंडीत बॅटरीतल्या रासायनिक क्रिया मंदावतात, एवढी एक गोष्ट लक्षात राहिली की पुढचं सगळं आपोआप समजतं. साधी १२ व्होल्ट ७ अँपिअर-तास वाली सीलबंद लेड ॲसिड बॅटरी, जी घरच्या यूपीएसमध्ये किंवा अलार्ममध्ये असते, ती स्वस्त मिळते आणि सगळीकडे मिळते. साईज साधारण १५ सेंटीमीटर लांब, साडेसहा रुंद, साडेनऊ उंच, वजन सव्वादोन-अडीच किलो. पण उणे १८ सेल्सिअसला, म्हणजे इथल्या भाषेत झिरो फॅरनहाइटला, ती तिच्या क्षमतेच्या जेमतेम ५० ते ६० टक्के देते. म्हणजे ७ चे झाले ४. आता तुमचं पाच इंची स्क्रीनवालं मशीन समजा ०.६ अँपिअर खातंय, सहा तास बसलात तर ३.६ लागले. कागदावर पुरतं, पण बॅटरी दोन वर्षं जुनी असेल तर दुपारीच हात वर करते. हा हिशोब प्रत्येकाने आपल्या मशीनसाठी करायचा, मॅन्युअलच्या शेवटच्या पानांत किती करंट लागतो ते लिहिलेलं असतं. फ्लॅशर, म्हणजे जुन्या पद्धतीचे गोल चकतीवाले फिशफाइंडर, कमी खातात, आणि लाईव्ह सोनारवाले (मासा हलताना त्याच क्षणी दाखवणारे) सेटअप मात्र ३-४ अँपिअर सहज ओढतात, त्यांच्यासाठी ७ ची बॅटरी विसरा, ३० च्या पुढे जा.

लेड ॲसिड अजून एका कारणाने जपावी लागते. पूर्ण चार्ज असेल तर तिच्यातलं ॲसिड उणे ५० पर्यंतसुद्धा गोठत नाही, पण पूर्ण रिकामी झाली की आत जवळजवळ पाणीच उरतं आणि ते उणे दहाच्या आसपासच गोठून बॅटरी फुगते, फुटते. म्हणून रिकामी बॅटरी रात्रभर गाडीच्या डिकीत ठेवू नका, घरी आल्या आल्या चार्जिंगला लावा.

दुसरा पर्याय लिथियम आयर्न फॉस्फेट. वजन निम्म्यापेक्षा कमी, व्होल्टेज शेवटपर्यंत सपाट राहतं, थंडीत लेड ॲसिडपेक्षा बरीच चांगली चालते, उणे २० पर्यंत वापरायला बहुतेक बॅटऱ्यांना परवानगी असते. महाग आहे पण दोन हिवाळ्यांत पैसे वसूल होतात असं माझं मत. फक्त हे पक्कं लक्षात ठेवा: शून्य सेल्सिअसच्या खाली तिला चार्ज करायचं नाही. वापरायला हरकत नाही, चार्ज करायला आहे. गारठलेल्या सेलमध्ये करंट घुसवला की आत लिथियम धातूचा थर जमतो, क्षमता कायमची जाते आणि धोकाही वाढतो. गॅरेजमधून आणल्यावर घरात तीन-चार तास ठेवा, हाताला कोमट लागली की मग चार्जर, आणि चार्जरसुद्धा लिथियमचाच. तसंच व्होल्टेज सपाट असल्यामुळे स्क्रीनवरचा आकडा बघून किती उरलीय ते कळत नाही, चांगलं दिसता दिसता तिचं आतलं सर्किट फट्कन बंद करतं. लेड ॲसिडला उलट, स्क्रीनवर व्होल्टेज दाखवायची सोय चालू करा आणि १२ च्या खाली घसरायला लागलं की आवरायला घ्या.

ड्रिलच्या २० व्होल्ट बॅटरीवर ॲडॉप्टर आणि १२ व्होल्टचा कन्व्हर्टर लावून सोनार चालवायचा जुगाड खूप जण करतात, कारण ऑगर (बर्फाला भोक पाडायचं गिरमिट) फिरवायला ती बॅटरी बरोबर असतेच. मी करून बघितला. चालतो, पण स्वस्त कन्व्हर्टर विजेत गडबड (नॉइज) सोडतो आणि ती स्क्रीनवर ठिपक्यांच्या पावसासारखी दिसते, शिवाय त्या रिकाम्या ॲडॉप्टरमध्ये बॅटरी किती खाली जाऊ द्यायची याचा कंट्रोल नसतो, त्यामुळे महागाची बॅटरी मरते. तंबूतल्या एलईडी पट्टीला तो जुगाड वापरा, सोनारला नको. आणि सुट्या लिथियम सेल जोडून स्वतःचा पॅक बनवायचे व्हिडिओ दिसतात, ज्याला स्पॉट वेल्डिंग आणि बॅलन्सिंगचा अनुभव नाही त्याने त्या वाटेला अजिबात जाऊ नये, घरात आग लागते.

डबा

लोक पाच गॅलनची बादली वापरतात, मीही वापरली, पण मला आवडतो तो जेवण न्यायचा छोटा हार्ड कूलर. त्याच्या भिंतीत फोम आधीच असतो, उन्हाळ्यात गारवा आत ठेवतो तसा हिवाळ्यात ऊब आत ठेवतो. जुन्या सामानाच्या दुकानात किंवा गराज सेलमध्ये ४-५ डॉलरला मिळतो.

आधी झाकण. कूलरचं झाकण पोकळ असतं, त्यात स्क्रू मारलात तर पहिल्याच दिवशी गाडीच्या हादऱ्याने निघतो. म्हणून स्वयंपाकघरातला जुना पांढरा प्लास्टिकचा चॉपिंग बोर्ड घ्या, त्याचे दोन तुकडे कापा, एक झाकणाच्या वर आणि एक खाली, आणि मशीनचं स्टँड चार बोल्टनी आरपार आवळा, खाली नायलॉनवाले लॉक नट. थंडीत हातमोजे घालून मशीन हलवताना सगळा जोर या जागेवर येतो, इथे घाई करू नका. लाकडाचा तुकडाही चालेल, पण लाकूड पाणी पितं आणि मग गोठून तडकतं.

बॅटरी तळाशी, आडवी सरकणार नाही अशी. भोवती योगा मॅटचे किंवा पॅकिंगच्या फोमचे तुकडे घट्ट बसवा. वायर बाहेर काढायला मागच्या बाजूला भोक, त्यात रबरी ग्रोमेट, म्हणजे कडेला घासून वायर सोलणार नाही.

वायरिंगची क्रमवारी अशी: बॅटरीच्या प्लसपासून अगदी जवळ, चार-पाच इंचांत फ्यूज, मग स्विच, मग मशीन. फ्यूज किती अँपिअरचा ते मॅन्युअल सांगेल, छोट्या मशीनला बहुधा ३ असतो. फ्यूज मशीनच्या बाजूला लावू नका, कारण शॉर्ट झालं तर मधली सगळी वायर जळते आणि तुमच्या डब्यात फोम आहे. बॅटरीवरच्या चपट्या पिनांना स्पेड कनेक्टर लागतात, ते दोन रुंदीत येतात, आपल्या बॅटरीची पिन मोजून घ्या, सैल बसलेला कनेक्टर थंडीत हमखास सुटतो. १८ गेजची वायर पुरे, आणि शक्य असेल तर सिलिकॉनच्या आवरणाची घ्या. साधी पीव्हीसीची वायर उणे २० ला काठीसारखी कडक होते आणि वाकवली की तडा जातो, सिलिकॉनची मऊच राहते. सगळे जोड सोल्डर करा, वरून हीट श्रिंक (गरम केल्यावर आकसून घट्ट बसणारी नळी), आणि कनेक्टरमध्ये थोडं डायइलेक्ट्रिक ग्रीस, म्हणजे ओल आत जाऊन गोठणार नाही.

ऊब वाढवायला हातात धरायची हँड वॉर्मर पाकिटं डब्यात टाकायचा सल्ला सगळे देतात. त्यातला लोखंडाचा भुसा हवेतल्या ऑक्सिजनने गरम होतो, झाकण घट्ट बंद केलं की ती पाकिटं थंड पडतात, त्यामुळे बंद डब्यात फारसा उपयोग नाही. मी अर्ध्या लिटरच्या बाटलीत गरम पाणी भरतो, हात लावता येईल इतपतच गरम, उकळतं नाही, जाड मोज्यात घालून बॅटरीशेजारी ठेवतो. चार तास तरी फरक दिसतो. आणि सगळ्यात मोठा फायदा फुकटचा आहे, बॅटरी रात्री घरात ठेवा आणि सकाळी निघताना डब्यात घाला, कोमट बॅटरी बंद कूलरमध्ये हळूच थंड होते.

ट्रान्सड्यूसर सरळ लटकला पाहिजे

इथे सगळ्यात जास्त लोक चुकतात, आणि मग मशीनला दोष देतात.

ट्रान्सड्यूसर आवाजाचा एक शंकू खाली सोडतो. कोन २० अंशांचा धरला तर २० फुटांवर तो शंकू साधारण ७ फूट रुंद होतो. तुमचं आमिष, म्हणजे जिग, भोकातून सरळ खाली आहे. आता ट्रान्सड्यूसर १० अंशांनी वाकडा झाला, जे डोळ्याला कळतसुद्धा नाही, तर २५ फुटांवर शंकूचा मध्य चार फुटांपेक्षा जास्त सरकतो आणि जिग शंकूच्या अगदी कडेला जातो. मग तो स्क्रीनवर वरच्या दहा फुटांत दिसतो आणि खाली जाता जाता गायब होतो. असं दिसलं की समजायचं ट्रान्सड्यूसर तिरका आहे, किंवा पाण्याला ओढ आहे आणि जिग हलका आहे.

बोटीच्या मागे लावायचा ट्रान्सड्यूसर केबलवर नुसता लटकवला तर तो नाक वर करून राहतो. त्यामुळे काठी बनवा. अर्धा इंची पीव्हीसी पाईप, साधारण तीन फूट. खालच्या टोकाला ट्रान्सड्यूसरचंच ब्रॅकेट बोल्टने, स्टीलचा बोल्ट, गंजणारा नको. वरच्या बाजूला एक आडवी पट्टी, भोकाच्या दोन्ही कडांवर टेकेल इतकी लांब, इथे बहुतेक जण ८ इंची भोक पाडतात म्हणजे १४-१५ इंचाची पट्टी हवी. पट्टी पाईपवर वर-खाली सरकली पाहिजे, त्यासाठी पाईपला दर दोन इंचांवर आरपार छिद्रं पाडा आणि एक पिन घाला. डिसेंबरात बर्फ सहा इंच असतो, फेब्रुवारीत दोन फूट, आणि ट्रान्सड्यूसर दरवेळी बर्फाच्या खालच्या कडेपेक्षा दोन-तीन इंच खाली असायला हवा, नाहीतर आवाज भोकाच्या भिंतीवर आपटतो. पाईपला खालच्या बाजूलाही एक-दोन छिद्रं ठेवा म्हणजे आत पाणी भरेल, हवा भरलेला पाईप वर यायला बघतो.

सरळ आहे की नाही ते घरीच तपासा. काठी ओट्याच्या कडेला उभी धरा, ट्रान्सड्यूसरच्या खालच्या सपाट तोंडाला छोटी लेव्हलची पट्टी लावा, बुडबुडा मध्ये आला की बोल्ट आवळा आणि तिथे परमनंट मार्करने खूण करा. ही दहा मिनिटं तुमचा पूर्ण सीझन वाचवतात.

ज्यांचा ट्रान्सड्यूसर गोल आहे आणि केबल बरोबर डोक्यातून वर निघते, त्यांना काठीची गरज नाही. पोहण्याच्या तलावात मुलं खेळतात ती फोमची लांब नळी, पूल नूडल, तिचा चार इंची तुकडा कापा, बाजूने चिरा, केबल आत बसवा, खाली एक झिप टाय म्हणजे घसरणार नाही. झाला फ्लोट. मासा लागला की केबल पटकन वर ओढता येते, काठीपेक्षा हे सोपं, कारण दोरी केबलला गुंडाळली की मासा गेलाच.

भोकात तरंगणारा बर्फाचा चिखल आधी काढा, त्यात हवा अडकलेली असते आणि सोनारला हवा म्हणजे भिंत. इथे त्यासाठी खास मोठा डाव विकत मिळतो, मला आपला पुऱ्या तळायचा झाराच बरा वाटतो, पाणी गळतं आणि बर्फ वर राहतो, लांब दांड्याचा घ्या. याच कारणाने एक छान गोष्ट जमते: सीझनच्या सुरुवातीला बर्फ काचेसारखा असतो तेव्हा भोक पाडायच्या आधीच बर्फावर थोडं पाणी ओता, ट्रान्सड्यूसर त्यावर टेकवा, खोली दिसते, कधी कधी मासेसुद्धा. बर्फात बुडबुडे असतील तर काही दिसत नाही. भोकं पाडत फिरायचा अर्धा त्रास कमी होतो.

सेटिंग

डाऊन इमेजिंग आणि साइड इमेजिंग (खालचं आणि बाजूचं फोटोसारखं चित्र दाखवायच्या सोयी) बंद ठेवा, ती चित्रं बोट पुढे जातेय असं धरून बनतात, एका जागी बसलात की नुसत्या आडव्या रेघा. साधं टूडी सोनार, २०० किलोहर्ट्झ. माशाची चित्रं दाखवायचं फिश आयडी बंद. मशीनमध्ये फ्लॅशर मोड किंवा उजव्या कडेची ए-स्कोप पट्टी असेल तर ती चालू करा, कारण मुख्य स्क्रीन डावीकडे सरकत जाते ती भूतकाळ दाखवते, आत्ता काय चाललंय ते त्या पट्टीतच दिसतं. सेन्सिटिव्हिटी अगदी कमी करून सुरू करा, जिग खाली सोडा आणि जिगची बारीक रेघ दिसेपर्यंतच वाढवा. त्याच्या पुढे गेलात तर सगळी स्क्रीन भरते आणि तळाजवळ बसलेला वॉलआय मासा वेगळा दिसत नाही. जिगच्या रेघेखाली दुसरी जाड रेघ वर येताना दिसली की हात थांबवू नका, जिग सावकाश वर न्या, मासा मागे येतो की नाही ते बघा. ते पहिल्यांदा डोळ्यांनी बघितलं तेव्हा मला जो आनंद झाला तो अजून तसाच होतो.

शेजारचा मित्रही तेच मशीन चालवत असेल तर एकमेकांचे सिग्नल स्क्रीनवर उडतात. दहा-पंधरा फूट लांब बसा, किंवा एकाने फ्रिक्वेन्सी बदला, किंवा इंटरफिअरन्स कमी करायचं सेटिंग वाढवा. मोबाईल चार्ज करायचा यूएसबी पॉइंट त्याच बॅटरीवर असेल तर तो काढून बघा, बरेचदा ही गडबड तिथूनच येते.

एलसीडी स्क्रीन थंडीत मंद होते, बऱ्याच छोट्या मशीनच्या मॅन्युअलमध्ये उणे १५ सेल्सिअसची मर्यादा लिहिलेली असते. त्याच्या खाली गेलं तर चित्र घसटल्यासारखं दिसतं, मशीन बिघडलेलं नसतं. वाऱ्याच्या बाजूला पाठ करून ठेवा, आणि एका भोकावरून दुसऱ्याकडे जाताना बंद-चालू करत बसू नका, चालू मशीन स्वतःला थोडं गरम ठेवतं. ब्राइटनेस मात्र निम्मा करा, बॅटरी त्यातच सगळ्यात जास्त जाते.

दुसऱ्या दोरीला अलार्म

मिनेसोटात हिवाळ्यात दोन दोऱ्या टाकायला परवानगी आहे, दुसऱ्या राज्यात असाल तर तिथलं नियमांचं पुस्तक बघा. दुसऱ्या भोकावर झेंडीवाला टिप-अप लावतात, मासा ओढतो आणि झेंडी उभी राहते, पण संध्याकाळी पाचला अंधार पडला की झेंडी दिसत नाही. यावर दारा-खिडकीला लावायचा मॅग्नेटवाला छोटा अलार्म, डॉलरच्या दुकानातला. मॅग्नेटचा तुकडा झेंडीच्या दांडीला चिकटवा, मुख्य भाग खालच्या फळीला, झेंडी खाली असताना दोन्ही जवळ येतील असे. झेंडी उडाली, मॅग्नेट लांब गेला, अलार्म वाजला. आवाज फार मोठा असतो, शांत रात्री अख्ख्या तळ्याला ऐकू जातो, स्पीकरवर टेपचे दोन-तीन थर लावा. आतले बटण सेल थंडीत लवकर बसतात, जादा सेल आतल्या खिशात ठेवा, अंगाच्या उबेत. मोबाईलही तिथेच, बाहेरच्या खिशात ठेवलेला मोबाईल ४० टक्क्यांवरून सरळ बंद होतो आणि बर्फावर तो लागेल तेव्हाच लागेल.

तंबूत प्रोपेनचा हीटर लावत असाल तर वरची खिडकी थोडी उघडी ठेवा आणि बॅटरीवर चालणारा कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म टांगा, हा घरी बनवायचा नाही, विकतच घ्यायचा. डबा हीटरपासून तीन-चार फूट लांब.

आवरताना केबल भोकात गोठलेली असेल तर ओढू नका आणि पहारीने तर अजिबात ठोकू नका, माझी एक केबल अशीच गेली. थर्मासमधलं गरम पाणी भोवतीने सावकाश ओता, एक-दोन मिनिटांत सुटते. घरी आल्यावर डबा गरम खोलीत आणला की आत सगळीकडे दव धरतं, म्हणून मशीन लगेच चालू करू नका, झाकण उघडं टाका, बॅटरी बाहेर काढा, कनेक्टर कोरड्या फडक्याने पुसा आणि रात्रभर तसंच राहू द्या, बॅटरी मात्र कोमट झाली की चार्जिंगला.